शनिवारचा डीबीटी गट : चोवीस आठवड्यांनंतर

गेल्या शनिवारी आमच्या गटाचा चोविसावा, म्हणजे या फेरीतला शेवटचा वर्ग झाला. सहा महिन्यांपूर्वी मी रात्र रात्र जागून मराठीत डीबीटीबद्दल, म्हणजे अनावर भावनांसोबत जगायला शिकवणाऱ्या एका थेरपीबद्दल, शोधत होते. स्वतः ती थेरपी घेतलेल्या एकाही माणसाने मराठीत लिहिलेलं काही मला तेव्हा सापडलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. नाशिक काही एवढं मोठं नाही, त्या जिन्यावरून वर जाणारं कुणी ना कुणी ओळखीचं निघतंच, आणि गटात कोण येतं ते बाहेर सांगायचं नाही असा शब्द आम्ही सगळ्यांनी पहिल्या दिवशी दिलाय. गटातल्या एका मावशींबद्दल पुढे लिहिलंय, ते त्यांना वाचून दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच.

मी ३३ वर्षांची आहे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मराठी पुस्तकी नाव ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’, पण त्याने कुणाला काही उलगडत नाही. लहानपणापासून मला मिळालेली नावं वेगळी होती : तापट, हळवी, नाटकी. आई म्हणायची, ‘हिच्या अंगावर कातडंच नाही.’ पुढे आमचा गट चालवणाऱ्या मॅडमनी सांगितलं की ज्यांनी ही थेरपी तयार केली त्या मार्शा लिनेहान यांनी जवळपास हीच उपमा दिलीय. अंगभर भाजलेल्या माणसाला नुसता हात लागला तरी जशा कळा येतात, तसं या आजारात भावनांचं होतं. ते ऐकून मला आईची आठवण आली. ती रागाने म्हणायची, पण बरोबर म्हणायची.

म्हणजे होतं काय, ते एका प्रसंगातून सांगते. नवरा कामासाठी कल्याणला जातो. एकदा ‘गाडीत बसलो की फोन करतो’ म्हणाला आणि फोन आला नाही. पहिली पाच मिनिटं काळजी. मग छातीत खड्डा पडल्यासारखं. मग खात्रीच, की हा मला सोडून चाललाय. पन्नास मिनिटांत मी त्याला ४१ मेसेज पाठवले. पहिले ‘कुठे आहेस’, मधले वाचणं सहन होणार नाही असे, शेवटचे तीन ‘माफ कर, सोडून जाऊ नकोस’. त्याची गाडी कसारा घाटात होती आणि रेंज नव्हती. तो घरी आला तेव्हा मी दार आतून लावून बसले होते. इतर बायकांनाही अशी धाकधूक होते, हे मला माहीत आहे. फरक एवढाच की त्यांची पाच पायऱ्या चढते आणि उतरते. माझी एका दमात गच्चीवर जाते आणि खाली यायला दुसरा दिवस उजाडतो. पटकन पेटणं, जोरात पेटणं आणि उशिरा विझणं, या तिन्ही गोष्टी एकत्र असतात.

निदान व्हायला वेळ लागला. आधी एका ठिकाणी दहा मिनिटांत गोळ्या लिहून मिळाल्या आणि माझ्यासमोरच नवऱ्याला सांगण्यात आलं, ‘यांना लक्ष वेधून घ्यायचं असतं, फार मनावर घेऊ नका.’ ते वाक्य मी दोन वर्षं सोबत घेऊन फिरले. नंतरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तीन भेटींमध्ये नीट विचारपूस केली, नऊ निकष समजावले, त्यातले किमान पाच लागतात आणि माझ्यात सात दिसतात, असं सांगितलं. या आजारावर म्हणून अशी वेगळी गोळी नाही, झोप आणि उदासीसाठी औषध चालू ठेवू, पण खरा उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा आहे, असं म्हणून त्यांनी एक फोन नंबर दिला.

डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिनेहान यांनी ती विकसित केली, पहिला मोठा अभ्यास १९९१ साली छापून आला. त्या स्वतः १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होत्या आणि हे त्यांनी २०११ साली त्याच रुग्णालयात उभं राहून जाहीरपणे सांगितलं. मॅडमनी तिसऱ्या शनिवारी हे सांगितलं तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. माझ्या शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा पेनाचं टोपण उघडत मिटत होता, तेवढाच आवाज. ज्या बाईने हे सगळं लिहिलं ती आमच्याच बाकावर बसलेली होती, हे कळल्यावर मी वर्गात मिळणारे कागद वेगळ्या नजरेने वाचायला लागले.

आता मिळतं काय ते. दर शनिवारी साडेदहा ते साडेबारा गटाचा वर्ग, आठ जण. पंधरा दिवसांतून एकदा मॅडमसोबत स्वतंत्र भेट. सकाळी नऊ ते रात्री आठ फोनची सोय, तीही गप्पांसाठी नाही, ‘आत्ता यातलं नेमकं काय वापरू’ एवढं विचारायला. गटाच्या एका वर्गाचे ९०० रुपये, स्वतंत्र भेटीचे १५००. माझ्या पगारात हे जड जातं. नवऱ्याने गाडीचं सर्व्हिसिंग पुढे ढकललं, मी भिशी सोडली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरलं पाहिजे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीचा खर्चच बसत नाही, त्यामुळे हातात काही आलं नाही. ज्यांना घ्यायचंय त्यांनी हे आधी तपासून ठेवावं.

वर्ग हा वर्गच असतो. फळा, वह्या, गृहपाठ. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की सगळे गोल बसून रडतील. तसं काहीच नाही. कुणी आपली जुनी जखम तपशिलात सांगायला लागलं, तर मॅडम हळूच थांबवतात आणि ते स्वतंत्र भेटीसाठी ठेवायला सांगतात. पहिला तास गेल्या आठवड्याचा गृहपाठ, मग चहा, मग नवीन कौशल्य. रोज रात्री नोंदपत्रक भरायचं, आठवड्याला एक कागद : आज दुःख किती, राग किती, लाज किती, शून्य ते पाच. स्वतःला इजा करायची ऊर्मी किती, ती केली का, कोणतं कौशल्य वापरलं. माझी २४ पत्रकं एका फाइलमध्ये आहेत. पहिल्या महिन्याच्या पत्रकांत ऊर्मीच्या रकान्यात चार-पाच सोडून आकडा नाही. आता दोन-तीन असतो, क्वचित पाच. शून्य एकदाही आलेला नाही, आणि तो यायलाच हवा असं कुणी इथे म्हणत नाही.

मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते शब्दांबद्दल.

सगळे छापील कागद इंग्रजीत आहेत. मॅडम मराठीत बोलतात, फार चांगलं बोलतात, पण कागद इंग्रजी. शिवाय या थेरपीत कौशल्यांच्या पायऱ्यांची आद्याक्षरं जोडून शब्द केलेत : टिप, स्टॉप, डिअर मॅन. इंग्रजीत ते लक्षात ठेवायला सोपे असतील. आमच्या मावशींचं शिक्षण सातवीपर्यंत, पोळ्यांचं काम करतात. त्यांना ती अक्षरं म्हणजे सहीसाठी पुढे केलेला सरकारी फॉर्म. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मला हे पटतंय पण घरी गेल्यावर राहत नाही. माझ्या भाषेत द्या.’ तेव्हापासून दर शनिवारी चहाच्या वेळात आम्ही मराठी शब्द शोधायला लागलो, आणि माझ्या मते खरी थेरपी तिथे झाली.

या थेरपीत शिकवायच्या कौशल्यांचे चार भाग आहेत. त्यातल्या पहिल्याला ‘सजगता’ म्हणतात. मावशी म्हणाल्या, ‘भान’. ‘भानावर ये’ आपण म्हणतोच की. झालं, भान. दुसरा भाग वाईट वेळ आणखी वाईट न करता निभावून नेण्याचा. त्याला ‘वेदना-सहिष्णुता’ असा शब्द कुणीतरी आणला होता. आम्ही ‘तग’ ठेवला. तिसऱ्यावर मात्र दोन शनिवार गेले. भावनांचं ‘नियमन’ कुणाच्या तोंडी बसेना. ‘भावना आवरणं’ असं मीच सुचवलं आणि चार जण एकदम नाही म्हणाले. ‘आवर स्वतःला’ हेच तर आम्ही प्रत्येकाने आयुष्यभर ऐकलंय. बापाकडून, शिक्षकांकडून, सासूकडून. आवरणं म्हणजे पसारा दिसू नये म्हणून कपाटात कोंबणं. मावशींनी तव्यावरची पोळी उलटायची खूण केली आणि म्हणाल्या, ‘हाताळणं म्हणा. गरम असतं ते, पण हाताळता येतं.’ त्या दिवशी मी बसस्टॉपवर उभी राहून रडले, आणि ते रडणं वाईट नव्हतं. चौथा भाग नात्यांचा, त्याला आम्ही ‘सांगणं-मागणं’ म्हणतो.

‘शहाणं मन’ सगळ्यांना लगेच कळलं. तापलेलं मन एक, कोरडा हिशेबी विचार दुसरा, आणि दोघांचं ऐकून घेणारं हे तिसरं. ‘मान्य करणं’ या शब्दाने जरा भांडण झालं. मला वाटायचं मान्य करणं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं. माझ्या बाबतीत लहानपणी जे झालं ते बरोबर नव्हतं आणि मी ते कधीच म्हणणार नाही. मॅडमनी विचारलं, ‘पाऊस पडतोय हे मान्य करायला पाऊस आवडावा लागतो का? छत्री घ्यायला मात्र तो पडतोय हे मान्य करावं लागतं.’ ते अजूनही रोज नव्याने करावं लागतं.

आता यातलं प्रत्यक्षात काय चालतं ते. फेब्रुवारीतला एक गुरुवार, सकाळी दहा वीस. उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची गर्दी. मी सीनियर मॅडमना सुट्टीचं विचारलं आणि त्या वर न बघता म्हणाल्या, ‘ते नंतर बघू, आत्ता नको.’ एवढंच. माझे कान तापले, बोटांची टोकं गार पडली, आणि डोक्यात एकच वाक्य : यांना मी नकोय. अशाच एका वाक्यावर मी आधीच्या तीन नोकऱ्या सोडल्यात, त्यातली एक तर एप्रन टेबलावर टाकून भर दुपारी. माझ्यासमोर एक आजोबा हाताला टूर्निकेट बांधून बसले होते. मी नमुना घेतला, पट्टा सोडला, कापूस दाबून धरायला सांगितला, ट्यूबवर नाव लिहिलं, नाव पुन्हा वाचलं. मग सहकाऱ्याला ‘पाच मिनिटं’ म्हणून मागे गेले.

मागच्या खोलीत आमच्या डब्यांचा छोटा फ्रिज आहे. नमुन्यांचा वेगळा, त्याला हात लावायचा नाही. डब्यांच्या फ्रिजमध्ये माझी एक निळी जेलची पिशवी असते, रुमालात गुंडाळलेली. खुर्चीवर पुढे वाकून ती डोळ्यांवर आणि गालांवर दाबायची, श्वास रोखायचा आणि तीसपर्यंत मोजायचं. चेहऱ्याला गार लागलं आणि श्वास थांबला की शरीराला वाटतं आपण पाण्यात बुडी मारलीय, आणि हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. हा शरीराचा जुना धर्म आहे, त्यासाठी मनाची समजूत पटावी लागत नाही. मी नाडी मोजली. आधी ११८. दोन वेळा केल्यावर ८४. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा जे खाण्याच्या आजारातून जातायत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, हे आम्हाला आधीच बजावलेलं आहे. मग दोन मिनिटं श्वास, आत घेताना चार, सोडताना सहा. मग रद्दी फॉर्मच्या पाठीवर दोन रकाने. काय घडलं : ‘नंतर बघू’ म्हणाल्या, रांगेत चौदा माणसं होती. मी काय जोडलं : त्यांना मी नकोय.

चार वाजता गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा गेले आणि सांगणं-मागणंच्या पायऱ्यांनी बोलले. घडलेली गोष्ट, मला काय वाटलं, नेमकं काय हवंय, मिळालं तर कामाचं काय नियोजन. तीन दिवस मागितले, दोन मिळाले. संध्याकाळी घरी जाताना ते सकाळचं वाक्य अजून टोचत होतं, रात्री जेवतानाही टोचत होतं. यातून भावना जाते असं कुणी समजू नये. नोकरी मात्र शुक्रवारी जागेवर होती.

कमी काय आहे तेही सांगायला हवं. कागदांचं आलंच. घरच्यांसाठी चोवीस आठवड्यांत फक्त एक वर्ग होता, आणि तो पुरत नाही. माझ्या नवऱ्याला त्या एका दुपारी कळलं की ‘एवढं काय त्यात’ या तीन शब्दांनी आग वाढते आणि ‘तुला भीती वाटली, मला दिसतंय’ म्हटल्याने माझं चुकीचं वागणं बरोबर ठरत नाही, फक्त मी ऐकण्याच्या अवस्थेत येते. सासूबाई आल्या असत्या, पण दुसरी तारीखच नव्हती. खोलीची भिंत पातळ आहे, बाहेर बसलेल्यांना आवाज जातो. पहिला महिना मी त्यामुळे कुजबुजत बोलले.

फोनची सोय रात्री आठला संपते. आमच्यासारख्यांची रात्र आठनंतर सुरू होते. मॅडमही माणूस आहेत, त्यांना घर आहे, हे मला पटतं, पण रात्रीसाठी काय करायचं हे पहिल्याच वर्गात फळ्यावर लिहायला हवं होतं. मला ते सहाव्या आठवड्यात कळलं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास. मी एकदा रात्री दीडला लावला, मराठीत बोलणाऱ्या ताई मिळाल्या, घाई न करता बोलल्या.

आणि एक नियम. स्वतःला इजा केली तर पुढचे २४ तास मॅडमना फोन करायचा नाही, फोन त्याआधी करायचा. हा नियम डीबीटीतच आहे, इथल्यांनी काढलेला नाही. जीव धोक्यात असेल तर अर्थातच थेट दवाखान्यात. मी ऐकून इतकी चिडले होते की दुसऱ्या वर्गाला जाणारच नव्हते. मला तो टाकून दिल्यासारखा वाटला. नवव्या आठवड्यात पहिल्यांदा मी ‘आधी’ फोन केला, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, सात पन्नासला. मॅडमनी विचारलं, ‘आत्ता पाय कुठे आहेत?’ मी म्हटलं, ‘फरशीवर.’ ‘फरशी कशी आहे?’ ‘गार.’ तिथून सुरू केलं. नियम मला आजही कठोर वाटतो, पण तो नसता तर मी आधी फोन केला असता असं वाटत नाही.

ज्यांना लगेच आराम हवाय, त्यांना पहिले दोन महिने निराशा येईल. सलग चार वर्ग चुकले तर गटातून बाहेर, हा नियम आहे आणि तो पाळला जातो. आमच्यातली एक ताई अशी गेली, मला तिची रुखरुख आहे. गट निवडताना तीन गोष्टी मी आता नक्की विचारेन : गटासोबत स्वतंत्र भेट आहे का, शिकवणाऱ्या व्यक्तीचं डीबीटीचं प्रशिक्षण कुठे झालंय, आणि संकटाच्या वेळी कुणाला फोन करायचा. फक्त गट देऊन त्याला डीबीटी म्हणणाऱ्या जागा आहेत, तेही उपयोगी असेल, पण ते पूर्ण नव्हे.

हा आजार जन्माचा, असं मला आधी सांगितलं गेलं होतं. बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झानारिनी या संशोधक बाईंनी १९९२ पासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निकषांच्या खाली राहिली. नोकरी आणि नाती धरून पूर्ण सावरलेले मात्र निम्मे. मॅडमनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले, नुसता पहिला लिहून थांबल्या नाहीत. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या दिवशी.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. एक कागदांच्या भाषेसाठी आणि घरच्यांच्या त्या एकाच वर्गासाठी कापला.

पूर्ण अभ्यासक्रम दोन फेऱ्यांचा, म्हणजे वर्षभराचा. दुसरी फेरी जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू होतेय, मी पैसे भरलेत, मावशीही येतायत. शेवटच्या दिवशी मी आमची मराठी शब्दांची वही फेअर करून नेली, चौदा पानं. पहिल्या पानावर भान, तग, हाताळणं, सांगणं-मागणं, मावशींच्या अक्षरात. दहा झेरॉक्स काढून नव्या गटासाठी मॅडमच्या टेबलावर ठेवून आलेय.